अजिंठ्याच्या भिंतीवरचं नाव

मिरचीचा तोडा उरकला की आपल्या पिंपळगाव रेणुकाईत सहलीचं बोलणं सुरू होतं. सिल्लोडवरून अजिंठा काही लांब नाही. म्हणून आज अजिंठ्याला जाऊन आलेल्या पाहुण्यांचा इतिहास सांगते. लेणी कोणी कोरली हे आपण शाळेत शिकलो. पाहायला आलेल्यांनी तिथे काय केलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रज आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. इंग्रजांचे जखमी शिपाई अजिंठा गावात ठेवले होते. पण डोंगराआडची लेणी त्यांना कळली नाहीत. पुढे १८१९ मध्ये मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि वाघूर नदीच्या वळणावर त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात शिरून त्यानं खांबावरच्या रंगीत चित्रावर आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. ते नाव आजही तिथे आहे, पण आपल्या डोक्याच्याही वर. कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता.

लेण्यांचा शोध स्मिथनं लावला असं म्हणतात. पण रानात गुरं चारणाऱ्यांना ती ठाऊक होतीच. शेजारच्या गावाचं नावच लेणापूर आहे!

ही चित्रं इतकी नाजूक का, हे आपल्याला लवकर कळेल. कातळावर माती, भाताचं तूस आणि गवताच्या काड्या कालवून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी अशा रंगांनी चित्रं काढली. म्हणजे आपल्या मातीच्या भिंतीचीच जात. ओल धरली की पोपडे सुटणार.

स्मिथनंतर चित्रांवर जीव असलेले लोक आले. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्याला पारो नावाच्या इथल्या स्त्रीची साथ होती. रंग मिळवायला तिनं मदत केली, असं लोक सांगतात. १८५६ मध्ये ती वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य याच दोघांवर लिहिलं. गिलची वर्षानुवर्षांची मेहनत लंडनला गेली आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत बहुतेक जळून गेली. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून जवळजवळ १३ वर्षं नकला करत राहिले. त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या.

नकलांपेक्षा मोठं नुकसान मूळ चित्रांचं झालं. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं. निजामाच्या काळात, १९२० नंतर, इटलीहून कारागीर बोलावले. त्यांनी सुटणारे पोपडे बसवले हे खरं, पण त्यांनीही वरून लाखेचा थर दिला. हे थर काळाबरोबर पिवळे, काळपट झाले. ते उतरवायला पुरातत्त्व खात्याला कित्येक वर्षं लागली. एक मात्र मान्य करायला हवं. भिंतीवरून आज जे गळून गेलंय, त्यातलं काही ग्रिफिथ्सच्या उरलेल्या नकलांमुळेच आपल्याला माहीत आहे.

तेव्हा प्रवासी जबाबदारीनं वागू शकतो का? हा इतिहास सांगतो, नुसती आवड पुरत नाही. स्मिथला लेणी आवडली म्हणून त्यानं नाव कोरलं, चित्रकारांना चित्रं आवडली म्हणून त्यांनी व्हार्निश लावलं. आवडलेल्या गोष्टीपासून हात आवरता येणं, ही खरी जबाबदारी. आजचे नियम त्यातूनच आलेत. गाड्या चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढे बसनं जावं लागतं. फ्लॅश मारायला बंदी आहे. आत एका वेळी थोडेच लोक सोडतात, कारण आपल्या श्वासाचीही ओल भिंतीला लागते. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी भिंतींनाही विसावा मिळतो म्हणायचा.

गावदेवीच्या देवळाच्या भिंतीवर कुणी परक्यानं खिळ्यानं नाव कोरलं, तर आपण त्याला सोडू का? मग तिथे गेल्यावर परक्या आपण असतो, हे ध्यानात ठेवू. बचत गटाची सहल काढाल तेव्हा सोमवार टाळा. पोराचा हात धरून ठेवा, भिंतीला लागू देऊ नका. भाकरीची फडकी आणि प्लास्टिकच्या पिशव्या परत आणा, वाघूरच्या पात्रात टाकू नका. चहा, फळं तिथल्याच बायांकडून घ्या. आणि दहाव्या लेण्यात मान वर करून स्मिथचं नाव पोरांना नक्की दाखवा. दोनशे वर्षं झाली, तरी ते पुसता आलेलं नाही.