खेकडे, कोचिंग आणि माझी एक चूक

‘रँग्लर परांजपे’ हे नाव ऐकलंय ना? केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येईल तो रँग्लर आणि सगळ्यांत पहिला येईल तो सीनियर रँग्लर. आपले रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये आणखी एकाबरोबर विभागून पहिले आले.

आज त्या परीक्षेमागच्या कोचिंगबद्दल बोलूया. हो, कोचिंग! कोटा-लातूरच्या कितीतरी आधी केंब्रिजमध्ये ते जोरात होतं. विल्यम हॉपकिन्स हा तिथला नामी शिकवणीमास्तर. तेव्हा लग्न झालेल्याला फेलोशिप मिळत नसे, आणि त्याचं लग्न झालेलं. मग त्याने खाजगी शिकवण्या धरल्या. स्टोक्स, केल्विन, मॅक्सवेल हे त्याचेच विद्यार्थी. पुढे एडवर्ड राउथने तर २५ हून अधिक सीनियर रँग्लर घडवले. आठवड्याला पेपर आणि सगळ्यांना दिसतील असे मार्क. ओळखीचं वाटतंय?

राउथचाच एक विद्यार्थी कार्ल पिअर्सन, १८७९ चा तिसरा रँग्लर. पुढे तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणित शिकवू लागला. तिथेच वेल्डन नावाचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने नेपल्सचे १००० खेकडे मोजले होते. बाकी मापांचे आलेख नीट घंटेसारखे आले, पण कवचाच्या पुढच्या भागाच्या रुंदीचा आलेख एका बाजूला झुकलेला. का? वेल्डनने पिअर्सनला गाठलं. १८९४ मध्ये पिअर्सनने दाखवलं की असा आलेख दोन वेगळ्या घंटा मिसळूनही बनू शकतो, म्हणजे कदाचित खेकड्यांचे गटच दोन असतील. या मैत्रीतून आणि गॉल्टनच्या साथीने १९०१ मध्ये ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक निघालं. (पिअर्सनचे वंशसुधारणेबद्दलचे विचार घातक होते. त्यावर वेगळा एपिसोड करू.)

आता माझी चूक. दिवसभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवार कॉलेजच्या मुलांना ऑनलाइन शिकवतो: गणित, स्टॅटिस्टिक्स, थोडं बायोलॉजी. बॉटनीच्या एका मुलीने प्रोजेक्टसाठी पानांची लांबी मोजली होती. आलेख पाठवून म्हणाली, “दादा, हा असा एकीकडे का झुकलाय?” सबमिशन उद्यावर आलेलं. मी म्हटलं, “ते सोड गं, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढ, तेवढेच मार्क आहेत.” तिने काढलं. मार्कही मिळाले.

वेल्डनचे खेकडे मी त्यानंतर वाचले. पोटात खड्डा पडला. तिने विचारलेला प्रश्न तोच होता, आणि मी मात्र राउथच्या क्लासमध्ये बसलो होतो.

कोचिंग वाईट नाही. राउथने पिअर्सनच्या हातात अवजारं दिली, हे खरंच. पण ती कशावर चालवायची, हे खेकडे मोजणाऱ्याने विचारलं. ट्रायपॉसमधले क्रमांक जाहीर करणं १९०९ नंतर बंद झालं. झुकलेल्या आलेखांचे प्रश्न अजून चालू आहेत.

परवा तिला फोन केला. “पानं कुठून तोडली होतीस?”

ती जरा थांबली. “काही उन्हातल्या फांद्यांची, काही सावलीतल्या. अरे दादा... दोन गट!”

या रविवारी सिलॅबस बंद. दोघं मिळून तो डेटा परत उघडतोय.

भेटू पुढच्या भागात!