जड आणि हलके घोडदळ : जालन्याच्या भूमीवरील दोन धडे

घोडदळाचे जड आणि हलके असे दोन प्रकार इतिहासात सर्वत्र आढळतात. चिलखत चढवून, उमद्या घोड्यांवरून, दाट रांगेने शत्रूवर कोसळणारे ते जड घोडदळ. कमी सरंजामानिशी वेगाने हिंडणारे, शत्रूची रसद तोडणारे, समोरासमोरचा सामना टाळून त्याला थकवणारे ते हलके. मोगलांचा भर पहिल्यावर होता, तर मराठ्यांचे बळ दुसऱ्यात होते.

शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. सभासद बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल यांची सोय पथकातच असल्यामुळे दूरच्या मजला मारणे शक्य होई.

या वेगाची ताकद आणि मर्यादा दोन्ही जालन्याने पाहिल्या. १६७९ मध्ये दिलेरखानाने विजापूरवर चाल केली असता त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराज मोगली मुलखात शिरले. नोव्हेंबरात त्यांनी जालन्याची संपन्न पेठ लुटली. मात्र परतताना लुटीच्या ओझ्याने फौज मंदावली आणि संगमनेरजवळ मोगलांनी तिला गाठले. या लढाईत सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेली. तोच किल्ला पुढे विश्रामगड म्हणून ओळखला गेला.

दुसरा धडा २३ सप्टेंबर १८०३ चा. भोकरदन तालुक्यातील असई येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. मराठ्यांकडे कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि तीस हजारांहून अधिक स्वार होते. वेलस्लीने प्रत्यक्ष लढाईत उतरवलेली फौज साडेचार हजारांच्या आसपास होती. केळणा नदी ओलांडून तो केळणा व जुई यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात शिरला. तेथे हजारो स्वारांना पसरायला जागाच नव्हती. मराठ्यांचे बहुतेक घोडदळ लढाईच्या कडेलाच राहिले. उलट, नावाने ‘लाइट ड्रॅगून’ म्हणजे हलके स्वार असलेल्या इंग्रजांच्या १९ व्या रेजिमेंटने मद्रासच्या देशी स्वारांसह दाट रांगेने तलवारीचा हल्ला चढवला आणि कोंडीत सापडलेल्या ७४ व्या पलटणीला वाचवले. हलके म्हणवणाऱ्या स्वारांनी जड घोडदळाचे काम केले. तरीही विजय स्वस्त नव्हता. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक झाले. मृतांत घोडदळाचा नायक कर्नल मॅक्सवेलही होता.

पराभवाचे खापर केवळ स्वारांवर फोडता येत नाही. मराठी सत्तेने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफखाना व कवायती पायदळ स्वीकारले, पण त्यांच्याशी घोडदळाची सांगड नीट घातली नाही. तोफांबरोबर चालणारे स्वार ना मोकळे राहिले, ना दाट रांगेत लढायला शिकले. घोडदळाचा हलकेपणा घोड्याच्या वजनावर नव्हे, तर फौज किती ओझे वाहते आणि कोठे लढायला उभी राहते यावर ठरतो, हेच संगमनेर आणि असई सांगतात.