शिकता शिकता कमाई : वर्ध्याच्या विचारातील मागे राहिलेला भाग

वर्ध्याचे नाव निघाले की शिक्षणाच्या इतिहासात टकळी डोळ्यांपुढे येते. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ व २३ तारखांस, मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसायाचे केंद्र हे तिचे ठराव सर्वांस ठाऊक आहेत. त्याच वर्षी गांधीजींनी महाविद्यालयांविषयी काय सुचविले होते, याची आठवण मात्र आम्हां वर्धेकरांनाही क्वचितच होते.

३१ जुलै १९३७ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी उच्च शिक्षणाची सारी घडीच उलटून टाकली. अभियंते हवेत कोणाला? कारखानदारांना. मग त्यांच्या शिक्षणाचा खर्चही कारखानदारांनीच सोसावा. टाटांनी सरकारच्या देखरेखीखाली अभियंत्यांचे महाविद्यालय चालवावे, गिरणीमालकांनी आपले चालवावे. शेतकी पदवीधरांवर तर त्यांचा रोखच होता. हे पदवी घेऊन बाहेर पडतात आणि अनुभव नंतर, मालकाच्या पैशाने मिळवितात. स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या शेतावर त्यांनी शिकतानाच उमेदवारी केली असती, तर ही वेळ आली नसती, असे त्यांचे म्हणणे.

कल्पना अगदीच अपूर्व नव्हती. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन असाच उपक्रम आरंभिला होता. आळीपाळीने एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. आणि कारखान्यातील कामाला रोख मजुरी.

वर्ध्याच्या परिषदेत मात्र वाद रंगला तो कमाईवर. शाळेतील उत्पन्नातून शिक्षकांचे वेतन हळूहळू निघावे, असे ठरावात होते. म्हणजे काम मुलाचे आणि पैसा शाळेचा! अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांनी विचारले की सरकारी आश्रयाने शाळांत तयार झालेला माल बाजारात आला, तर गरीब कारागिराने काय करावे? डॉ. झाकिर हुसेन यांची भीती याहून खोल होती. स्वावलंबनावर फार भर दिला, तर शिक्षक मुलांकडून राबवून घेणारा मुकादम होईल, असे त्यांनी बजावले. विशेष हे की समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच गेले आणि शहाही समितीत बसले. २ डिसेंबरला अहवाल तयार झाला. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तव्यवसायाला तीन तास वीस मिनिटे! एवढा वेळ मुलाने राबायचे, तर ती भीती अनाठायी होती असे आम्हांस वाटत नाही.

पुढे सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने हा प्रयोग नेटाने चालविला. उत्तर बुनियादीच्या विद्यार्थ्याने आपल्या श्रमांतून अन्नवस्त्राचा खर्च भागवावा, ही तेथील अपेक्षा होती. म्हणजे कमाई निदान त्याच्या ताटात तरी पडावी.

देशाने मात्र उलटा मार्ग धरला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक घेण्यात आले. विद्यावेतन मिळू लागले, पण पदवीनंतर! गांधीजींची शेतकी पदवीधरांविषयीची तक्रार नेमकी हीच होती. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारी पदवीतच गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा कोठे कारखान्यातील कामाला श्रेयांक आणि विद्यावेतन दोन्ही एकत्र आले. नव्या धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षातही विषयाशी संबंधित ऑन-जॉब ट्रेनिंगला ४ श्रेयांक आहेत. मात्र त्यासाठी पैसे मिळतीलच असे नाही.

तेव्हा शहांचा आणि झाकिर हुसेनांचा प्रश्न आज वर्ध्यातील एखाद्या दुकानात वा दवाखान्यात प्रशिक्षणाला बसलेल्या मुलीच्या बाबतीतही विचारता येतो. ती तेथे खाते लिहावयास शिकते आहे, की बिनपगारी कारकुनाची जागा भरते आहे? श्रेयांक देणाऱ्या प्राध्यापकाने त्या दुकानाची पायरी एकदा तरी चढली आहे काय?