करभाराची विषमता : पिंपळनेर तालुका व ब्रिटिशकालीन खानदेश

१८१८ मध्ये खानदेशात ब्रिटिश सत्ता आली आणि जमीनमहसूल हा तिचा मुख्य आधार ठरला. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल येथील शेतकऱ्यांनी जमीनमोजणीस केलेला विरोध सरकारने लष्कराच्या बळावर मोडून काढला. तथापि महसुलाचा इतिहास म्हणजे संपूर्ण करभाराचा इतिहास नव्हे.

तत्कालीन पिंपळनेर तालुक्यात पांझरेच्या फडांवरील बागाईतदार, कोरडवाहू शेतकरी, सावकार आणि डोंगरातील भिल्ल, कोकणा असे भिन्न समाजघटक होते. १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने ५०० रुपयांखालील उत्पन्न करमुक्त ठेवले. शेतीचे उत्पन्नही वगळले. मिठाला मात्र अशी मर्यादा नव्हती. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपये झाला. शेरभर मिठावर सावकार आणि सालदार सारखाच कर देत. मिळकतीच्या प्रमाणात सालदाराचा भार कितीतरी अधिक होता. १८७८ च्या अबकारी कायद्याने मोहाची दारू गाळणेही सरकारी नियंत्रणाखाली आणले. त्याची झळ प्रामुख्याने आदिवासींना बसली.

सारांश, अप्रत्यक्ष करांत करदात्याचे नाव दप्तरात येत नाही. म्हणून ज्यांची नोंद नाही त्यांनी कर भरलाच नाही, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरते.