गोळी सुरू झाली त्याची गोष्ट, आणि सुटायची

गेल्या वर्षी मी एक अतिशहाणपणा केला. दीड वर्ष चालू असलेली डिप्रेशनची गोळी, 'आता बरं वाटतंय की' म्हणून परस्पर बंद केली. चौथ्या दिवशी डोंबिवली फास्टमध्ये कसाबसा उभा होतो. मान वळवली की डोक्यात करंट बसायचा! वाटलं, झालं, आजार परत आला. डॉक्टर म्हणाले, "आजार इतक्या झटकन परतत नाही. हा करंट गोळी एकदम तोडल्याचा." पुन्हा सुरू केली, आणि आता त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवतोय.

मग शनिवारी नेहमीसारखा वाचत बसलो. गंमत म्हणजे या गोळ्यांच्या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतूनच जातो. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये दाखवून दिलं की सर्पगंधाची मुळी रक्तदाब उतरवते. (कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच ते लिहिलं होतं, पण जगाने तेव्हा मनावर घेतलं नाही.) १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. १९५५ मध्ये अमेरिकेत प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की रेसरपिन सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. झालं, 'सेरोटोनिन कमी म्हणजे उदासी' हे समीकरण हळूहळू रूढ झालं. आज ते फारच ढोबळ मानतात, पण त्याच वाटेने फ्लुओक्सेटिन आलं, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. माझी गोळीही त्याच खानदानातली.

सुरू करण्याचा इतिहास असा भरगच्च. थांबवण्याचा मात्र पानभर. इमिप्रामिन हे जुनं औषध अचानक बंद केलं की त्रास होतो, हे १९५९ मध्येच छापून आलं होतं. चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्या सोडवण्यासाठी हेदर अ‍ॅश्टन यांनी इंग्लंडात न्यूकॅसलला १९८२ ते १९९४ क्लिनिक चालवलं. तरी माझ्या गटाच्या गोळ्यांबद्दल 'दोन-चार आठवड्यांत सोडा, त्रास किरकोळ' हेच बरीच वर्षं चाललं.

२०१९ मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त एक आलेख मांडला. सिटालोप्रॅमचे २० मिलिग्रॅम मेंदूतल्या संबंधित जागांपैकी सुमारे ८०% अडवतात. १० केले तर? ४०% नव्हे, सत्तरच्या आसपास! खरी घसरण शेवटच्या चार-पाच मिलिग्रॅममध्ये. बारावीत रडवलेला हायपरबोला इथे भेटेल असं वाटलं नव्हतं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या सूचनांतही आलं, की प्रत्येक टप्पा आधीच्या डोसच्या प्रमाणात कमी करा.

माझ्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पेनाने हाच वक्र काढून दिला होता. मला तेव्हा तो नुसता फराटा वाटला. आता अर्ध्या गोळीवर आहे. "अजून संपली नाही का रे ती गोळी?" आई दर रविवारी विचारते. पुढची व्हिजिट पंधरा दिवसांनी.