मुंबईचे खटले आणि म्हैसूरचा हुकूम

नोकरीनिमित्त हेब्बाळास राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना या मुलखाचा एक इतिहास जवळचा वाटावा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. त्या मासिकापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही दंड चुकला नाही. इकडे म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० सालीच सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. तिकडे हेटाळणी झालेल्या विचारास येथे राजमान्यता लाभली.

तरीही बाळंतपणे आटोपली की बाईच्या प्रकृतीची चौकशी संपते, ही आमच्या घरांची जुनी खोड आहे. रक्तक्षय, रजोनिवृत्ती, हाडांची झीज यांचीही तितक्याच अगत्याने विचारपूस आम्ही करू, तेव्हाच त्या हुकुमाचे सार्थक होईल.