चिमणीचा वाटा

दिवाळीच्या सुमारास छत्तीसगडात हलके धान कापणीला येते. तिकडच्या बोलीत त्याला ‘हरुना’ म्हणतात. या पहिल्या धानाच्या लोंब्या देठासकट निवडून, देठांची वीण घालून एक झालर गुंफतात आणि ती दाराच्या चौकटीला किंवा पडवीच्या वाशाला टांगतात. लोंब्या खाली लोंबत राहतात, चिमण्या येऊन दाणे टिपतात. या वस्तूला नुसती झालर म्हणतात, तसेच ‘चिरई-चुगनी’ असेही म्हणतात, म्हणजे पाखरांची टिपणी. हे दुसरे नाव महत्त्वाचे आहे, कारण त्यात वस्तूचे रूप नाही, ती कुणासाठी आहे एवढेच सांगितले आहे. आजच्या मासिकाच्या संपादकाला ही झालर कोणत्या सदरात टाकावी असा पेच पडेल. ती हस्तकला आहे, पिकातून आली म्हणून बागकाम-शेतीची आहे, आणि पाखरांसाठी आहे म्हणून प्राणिप्रेमाचीही आहे. माझे म्हणणे असे की पेच झालरीत नाही, सदरांत आहे. रायपूरच्या जुन्या घरात जनावर, परसबाग आणि हातकाम हे तीन छंद नव्हते. तो एकच व्यवहार होता, आणि त्यात हाताने केलेल्या वस्तूचा पहिला मानकरी बहुधा जनावर असे. घर सजवण्यासाठी वस्तू केल्या आणि मग कुणी दयाळूपणे त्यातले चार दाणे चिमणीला दिले, असा तो क्रम नव्हता.

परसापासून सुरुवात करू. छत्तीसगडी घरामागच्या परड्याला ‘बाडी’ म्हणतात आणि आपल्या उकिरड्याला ‘घुरवा’. बाडीत लालभाजी, चेंच, अंबाडी (तिकडची ‘अमारी’), शेवगा (‘मुनगा’), दुधी (‘तुमा’) आणि कोहळा. कोहळ्याला तिथे ‘रखिया’ म्हणतात, आणि या एका फळाचा प्रवास पाहिला तरी व्यवहार कळतो. वेल छपरावर चढतो, म्हणजे त्याला वेगळी जमीन लागत नाही. फळाचा कीस उडदाच्या वाटलेल्या डाळीत मिसळून उन्हात वड्या घालतात, त्या ‘रखिया बरी’. मराठी घरातल्या कोहळ्याच्या सांडग्यांची ही सख्खी बहीण. बिया टाकायच्या नाहीत, त्या उडीद-तिळाबरोबर ‘बिजौरी’त जातात. साल आणि गाभा गोठ्यात जातो, गोठ्यातले शेण घुरव्यात, आणि पावसाच्या तोंडावर घुरव्यातले खत पुन्हा वेलाच्या आळ्यात. यात बागकाम कुठे संपते, स्वयंपाक कुठे सुरू होतो आणि पशुपालन कुठे येते, याची रेघ कोणाला ओढता येईल?

हे खेड्याचे वर्णन झाले, रायपूर तर शहर, असे कोणी म्हणेल. पण शहर म्हणजे किती? 1901 च्या जनगणनेत रायपूरची वस्ती होती 32,114. पुरानी बस्ती, ब्राह्मणपारा, बूढापारा, तात्यापारा अशी वस्त्यांची नावे ‘पारा’वरच संपतात, आणि खेड्यातल्या वाडीलाही तिथे पाराच म्हणतात. शिवाय हे शहर तलावांभोवती वाढलेले. राजा भुवनेश्वरसिंहाने 1460 मध्ये किल्ला बांधला आणि बूढातलाव त्याच वेळचा, असे इंग्रजी गॅझेटियर सांगते. त्याचा मूळ विस्तार जवळपास एक चौरस मैल दिला आहे. महाराजबंध मराठी अमलातला. कंकाली, तेलीबांधा, राजबांधा अशी यादी पुढेही वाढते. तलाव म्हणजे केवळ आंघोळीचा घाट नव्हे. त्याच्या झिरपण्याने आसपासच्या विहिरींना पाणी राही, जनावरांचे पाणवठे तिथेच, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातला गाळ बाडीला आणि चिकणमाती कुंभाराला मिळे. शहराच्या पोटात बाडी टिकली ती या पाण्यावर. 1818 मध्ये कर्नल अ‍ॅग्न्यूने सुभ्याचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले तेव्हा कचेरी आली, कारकून आले, पण परडी मोडली नाहीत.

आता हातकामाकडे वळू. देवारीच्या, म्हणजे दिवाळीच्या, दिवसांत राऊत गायीच्या गळ्यात ‘सोहई’ बांधतो. पळसाच्या मुळांचा वाख काढून, वळून केलेला हा पट्टा, काही ठिकाणी मोरपिसांनी गुंफलेला. राऊत म्हणजे वस्तीची जनावरे पहाटे एकत्र करून चरायला नेणारा गवळी. वर्षभराची त्याची मजुरी बहुतेक धानातच मिळे. त्याच दिवसांत राऊतीण घरोघर जाऊन भिंतीवर, धान साठवायच्या मातीच्या कोठीजवळ, ‘हाथा’ काढते. हाथा म्हणजे बोटांनी उमटवलेली नक्षी. कोठी म्हणजे आपली कणगी, आणि तीही घरातल्या बायांनी माती-कोंडा कालवून हाताने उभी केलेली. या दोन कलाकृतींची जागा पाहा. एक गायीच्या गळ्यात, दुसरी धानाच्या कोठीवर. पाहुण्यांच्या बैठकीत एकही नाही. हरेलीला (आपल्याकडची दिव्यांची अवस) नांगर-कुदळी धुऊन पुजतात आणि जनावरांना मीठ घातलेला कणकेचा गोळा खमारीच्या पानात गुंडाळून चारतात. तो गोळासुद्धा हातानेच केलेला, आणि घरच्या माणसांच्या आधी गोठ्यात पोचलेला.

रायपुरातल्या मराठी माणसाला इथे एक हरकत सुचते, आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. पोळा नागपूरकर भोसल्यांबरोबर आला, असे मानायचा मोह आपल्याला होतो. बिंबाजी भोसले 1758 ते 1787 पर्यंत रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत होता. नागपुरात दुसऱ्या रघूजींच्या काळी, 1806 मध्ये, लाकडी बैलांचा तान्हा पोळा सुरू झाल्याची आख्यायिका आहे. छत्तीसगडातही त्याच अमावास्येला ‘पोरा’ असतो आणि मुले चार चाकांचा मातीचा नंदिया बैल ओढतात. मग छत्तीसगडचा मातीचा बैल ही नागपूरच्या लाकडी बैलाची नक्कल का नसावी? मला ते पटत नाही, आणि कारण पिकात आहे. छत्तीसगडात फेकून पेरलेल्या धानात, पीक महिन्या-सव्वा महिन्याचे झाले की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. याला ‘बियासी’ म्हणतात. तण मोडते, रोपे विरळ होतात, मुळे धरतात. बियासी संपली की बैलाचे मोठे काम संपले. त्यानंतर धान पोटरीला येते. मराठीत ज्वारी पोटरीत येते, तसेच तिकडे धान ‘पोटरावते’, आणि अन्नमाता गर्भार आहे म्हणून पोऱ्याच्या दिवशी शेतात पाऊल टाकत नाहीत. सणाचे नाव या पोटरीवरूनच आले, असे तिकडचे लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा लोकांनी नंतर जुळवलेली असो, सणाचा काळ धानाच्या वेळापत्रकात नेमका बसतो. आपल्या पोळ्यात खांदेमळणी, आवतण, बाशिंग, झूल, सारा मान बैलाच्या खांद्याला. तिकडे बैलाइतकाच मान पिकाला, आणि मुलींच्या हाती मातीचे जाते, चूल, भांडी. ठेठरी-खुरमी या तळणीच्या पदार्थांचा नैवेद्य त्या खेळभांड्यांतूनच दाखवतात. दरबारातून उतरलेल्या सणात मुलींच्या भातुकलीला एवढी जागा मिळाली असती असे वाटत नाही. भोसल्यांनी फार तर ओळखीचा सण ओळखला. देवाणघेवाण झाली नाही असे मात्र नाही. अगहनातल्या गुरुवारी लक्ष्मीची पूजा, दारात तांदळाच्या पिठाची पावले आणि धानाच्या लोंब्या हे सारे वाचून मराठी गृहिणीला आपले मार्गशीर्षातले गुरुवार आठवतील. महिन्याच्या हिशेबात पंधरवड्याचा फरक, तेवढाच. कोणी कोणाकडून घेतले, या वादाला इथे तरी तळ लागत नाही.

मराठी वस्तीची खूण शहरावर आहेच. तात्यापाऱ्याचे नाव, तिथले रहिवासी माधवराव सप्रे, 1935 पासूनचे महाराष्ट्र मंडळ. सप्र्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ 1900 साली पेंड्र्याहून काढले आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, म्हणून त्यांची आठवण छापील कागदातून राहिली. बाडीची, सोहईची, झालरीची नोंद कोणी दैनंदिनीत केली नाही. घरगुती इतिहासाची ही जुनी अडचण आहे. तो वस्तूंच्या नावांतून आणि सणांच्या तिथींतून वाचावा लागतो.

दुसरी हरकत अधिक टोचणारी आहे. घर, गोठा आणि हात यांचा हा सुंदर गोफ कोणाच्या श्रमावर विणला होता? राऊत जनावरे राखी, कुंभार बैल घडवी, टोपल्या विणणारा बांबूवर राबे, आणि प्रत्येकाची जात ठरलेली होती. धानातली मजुरी उदार होती असे मानायला आधार नाही. ज्याच्या हातची वस्तू चालते त्याच्या हातचे पाणी चालतेच असेही नव्हते. घराच्या आत वड्या घालणे, शेण थापणे, कोठी लिंपणे बाईच्या वाट्याला, तेही विनामूल्य. हे सारे खरे आहे, म्हणूनच ‘घरी केलेले’ हा आजचा लाडका शब्द मी जुन्या घराला लावत नाही. सोहई घरी केलेली नसे, ती राऊताकडून येई. घराची सीमा कुंपणापाशी थांबत नव्हती, ती दैहानापर्यंत, जिथे वस्तीची जनावरे गोळा होत, पोचत होती. व्यवहार एक होता याचा अर्थ तो न्यायाचा होता असा नाही. उलट तो मोडला तेव्हा काहींची सुटकाही झाली.

पाखरांशीही हाच व्यवहार होता; त्यातले पोपटाचे प्रकरण थोडक्यात. दिवाळीआधी बाया टोपलीत धान भरून त्यावर मातीचे राघू ठेवतात आणि दारोदार ‘सुवा’, म्हणजे राघूचा नाच, नाचतात. मिळालेला शिधा-पैसा गौरा-गौरीच्या, म्हणजे शिव-पार्वतीच्या, लग्नाला लागतो. पिंजऱ्यातला जिवंत राघूही अनेक पडव्यांत असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने देशी पाखरांना संरक्षण दिले, 1990-91 च्या सुमारास त्यांचा व्यापार बंद झाला, आणि जिवंत राघू गुन्ह्यात गेला. मातीचा राघू मात्र टोपलीत तसाच बसून आहे. पाखराच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण सोय म्हणून मातीचे रूप आधीच तयार होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मग हा व्यवहार तुटला कशाने? आवड ओसरली, माणसे यंत्रवत झाली, ही नेहमीची उत्तरे मला उथळ वाटतात. तुटला तो जमिनीने आणि पाण्याने. राजनांदगावच्या राजा बलरामदासांच्या देणगीतून 1892 मध्ये खारून नदीचे पाणी नळाने शहरात आले. पटकी-हगवणीच्या काळात तो मोठा उपकार होता. पण पिण्याच्या पाण्यासाठी तलावाकडे बघायचे कारण कमी झाले, आणि ज्याची गरज नाही ते भरून टाकायला हरकत कोण घेणार? राजबांधा तलाव आज मैदान आहे, नावात तेवढे पाणी उरले. बूढातलाव आक्रसला. 1 नोव्हेंबर 2000 ला रायपूर नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाली, 2011 ला वस्ती दहा लाखांवर गेली. बाडीच्या जागेवर दुसरे घर, गोठ्याच्या जागेवर मोटार. गाय गेल्यावर घुरवा निरर्थक, घुरवा गेल्यावर वेलाला खत विकतचे.

तुटलेला दोरा सरकारने जोडायचा प्रयत्न केला, तो मजेशीर आहे. ‘नरवा, गरुवा, घुरवा, बाडी’, म्हणजे ओढा, गुरे, उकिरडा, परडे, ही राज्याची घोषणाच झाली. 20 जुलै 2020 ला, हरेलीच्याच दिवशी, शेण किलोला दोन रुपयांनी खरेदी करायची योजना निघाली. 9 मार्च 2022 ला मुख्यमंत्री भूपेश बघेल अर्थसंकल्प घेऊन विधानसभेत आले ते शेणापासून बनवलेल्या पेटीतून. ती रायपूरच्याच एका गौठाणातल्या (गुरांच्या सरकारी तळावरच्या) बचतगटाच्या बायांनी केली होती. टीकाकार हसले, समर्थक हेलावले. मला त्यात दिसते ते असे की ज्या शेणाला बाडीत किंमत नव्हती, कारण ते विकायचे नव्हतेच, त्याला आता दर आला, आणि बाईच्या ज्या श्रमाला मोल नव्हते त्याला थोडे का होईना मिळाले. 2023 च्या अखेरीस सरकार बदलले आणि योजनाही थांबली.

शेवटची हरकत सर्वांत सोपी: हे काहीच संपलेले नाही, रायपूरच्या गोलबाजारात जाऊन बघा. दिवाळीत झालरी विकायला येतात, पोऱ्याला मातीचे बैल रचलेले असतात, बरण्यांत रखिया बरी मिळते. मान्य. किंबहुना वस्तू पूर्वीपेक्षा अधिक दिसतात. गेला तो त्यांचा मानकरी. मातीच्या बैलामागे खरा बैल उभा नाही, त्याची जागा ट्रॅक्टरने घेतली. पाचव्या मजल्यावरच्या बंद दाराला टांगलेल्या झालरीपर्यंत चिमणी येत नाही. तिथे झालर पहिल्यांदाच केवळ शोभा झाली आहे, आणि म्हणून ती टिकावी असे वाटू लागले आहे. जुन्या घरात दाणे संपून नुसती काडी उरणे हेच तिचे सार्थक होते. गंमत अशी की गुंफणाऱ्याची अट मात्र बदललेली नाही. हार्वेस्टरने कापलेल्या धानाचा लांब देठ शाबूत राहत नाही, आणि देठाशिवाय वीण पडत नाही. म्हणून झालर करायची असेल तर बांधाकडेच्या चार ओळी यंत्र येण्याआधी विळ्याने कापून ठेवाव्या लागतात.